पांढऱ्याचे दिवस

वरच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या कोटांच्या मागे, आईची पांढरी साडी ठेवलेली होती. सुती, बोटभर निळ्या काठाची. गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली आणि तेव्हापासून मी ती उलगडली नव्हती. तिच्यावर आईच्या हातची घडी होती. मांड आईने दिलेला, नीळ आईने दिलेली, आणि सगळं झाल्यावर दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलेली ती घडी. साडी नेसली की घडी मोडणार, नेसली की धुवावी लागणार, आणि धुतली की तिच्यात आईचं काही उरणार नाही, एवढं मला कळत होतं. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई, कंपनीत चार माणसं हाताखाली असलेली, आणि साडीच्या घडीत जीव अडकवून बसली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

मग एप्रिलच्या शेवटी नेदरलँड्समधल्या आम्हा मराठी बौद्धांच्या ग्रुपवर मेसेज आला. दोन वर्षांनी यंदा वैशाख पौर्णिमा एकत्र साजरी करायची, आमच्या झूटरमेर गावातला एक हॉल मिळाला आहे, जेवण घरून आणायचं, आणि शेवटी ठळक अक्षरांत: सर्वांनी पांढरी वस्त्रे परिधान करावीत. खाली लगेच अंगठे उमटले. ग्रोनिंगनहून एका विद्यार्थ्याने विचारलं, सर, पांढरं जॅकेट चालेल का, थंडी आहे. बुइटनव्हेल्डर्टच्या एका ताईंनी लिहिलं, आमच्या ह्यांचा पांढरा शर्ट लॉकडाऊनमध्ये आखूड झाला. त्यावर हसणारे चेहरे आले. मी फोन पालथा ठेवला.

मैत्री, माझी मुलगी, शेजारी गृहपाठ करत होती. मी पांढऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटले असेन, कारण तिने मान वर न करता म्हटलं, "ममा, इट्स जस्ट अ ड्रेस कोड. यू हॅव दॅट ऑफिस शर्ट."

ड्रेस कोड. आई असती तर पोटभर हसली असती.

आमच्या गावात, म्हणजे वर्धेच्या बाजूला, आमच्या वस्तीत पांढऱ्याचे दिवस ठरलेले होते. वैशाखातली पौर्णिमा, एप्रिलातली जयंती, डिसेंबरातलं अभिवादन, आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास. वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचला जायचा आणि बायका पांढरं नेसून यायच्या. आश्विन पौर्णिमा झाली की पांढरं धुऊन, वाळवून पेटीत जायचं. ते मधेच काढायचं नाही. बाजाराला नाही, लग्नाला जाताना नाही, कुणी पाहुणा आला म्हणून तर मुळीच नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, इतर गावांत असंच पाळत असतील असंही नाही. आमच्या आयांनी ते ठरवलं होतं आणि त्या ते पाळायच्या.

त्यांचं कारणही तसंच होतं. आश्विन संपता संपता जिनिंग सुरू व्हायचं. गावाबाहेरच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि सरकीचा तेलकट वास दोन्ही बरोबरच वस्तीत शिरायचे. आई जिनातल्या रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायच्या कामाला होती. सकाळी हिरव्या किंवा जांभळ्या लुगड्यात जायची आणि संध्याकाळी पांढरी होऊन यायची. केसांत रुई, भुवयांवर रुई, पापण्यांवरही. दारात उभी राहून पदर झटकायची तेव्हा दिव्याच्या उजेडात ते सगळं हवेत तरंगत राहायचं आणि आम्ही दोघं भावंडं शिंकत सुटायचो. "चार महिने फुकटचं पांढरं अंगावर असते," ती म्हणायची. "जिनातलं पांढरं वायलं, आपलं पांढरं वायलं. एकात एक करू नोका."

आपलं पांढरं ती कुणाला धुऊ द्यायची नाही.

पौर्णिमेच्या आधी दोन दिवस अंगणात घमेलं मांडलं जायचं. आधी साबणाच्या पाण्यात, मग निव्वळ पाण्यात, मग मांडात. भाताची पेज गाळून, कोमट असतानाच ती त्यात साडी बुडवायची. गाळलेल्या पेजेचा तो गोडसर, किंचित आंबूस वास मला अजून कुठल्याही स्वयंपाकघरात भात उतू गेला की येतो. शेवटी नीळ. निळीची पूड फडक्यात बांधून ती पाण्यात फिरवायची, पाणी आभाळाच्या रंगाचं झालं की थांबायची. घाई केली तर डाग पडतात. शेजारच्या रमाबाईंनी एकदा घाई केली आणि त्यांच्या साडीवर पाठीमागे निळा ढग उमटला. सबंध वर्षावास त्या तीच साडी नेसत राहिल्या आणि बायका त्यांच्या मागे बसायला भांडत राहिल्या, कारण वाचन लांबलं की ढगात काय काय दिसतं ते बघता यायचं.

वाळलेली साडी घडी करायला दोन माणसं लागतात. एक टोक आईच्या हातात, एक माझ्या. आधी लांबीत दुमडायची, मग ओढायची, दोघींनी उलट्या दिशांनी, करकचून. मी हलकी होते, ओढली जायचे. आई हसायची आणि आणखी ओढायची. मग एकमेकींकडे चालत यायचं, माझ्या हातातलं टोक तिच्या हातात द्यायचं, खाली लोंबणारी घडी उचलायची, पुन्हा मागे जायचं. काठ नेहमी आत. बाहेर राहिला तर पेटीच्या पत्र्याला घासतो. सगळ्यात शेवटी साडी मांडीवर घेऊन ती तळव्यांनी दाबायची. आमच्याकडे इस्त्री नव्हती. आईचे तळवे होते.

विहार म्हणजे तेव्हा टिनाचं छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन. मेणबत्त्यांचा आणि उदबत्तीचा वास, दाराशी चपलांचा ढीग, आणि आत पांढऱ्या रांगा. दिवसभर या बायका मला कुणाच्या शेतात, कुणाच्या जिनात, कुणाच्या दारात भांडी घासताना दिसायच्या. संध्याकाळी पांढऱ्यात बसल्या की त्या वेगळ्याच दिसायच्या. पाठ ताठ. हात मांडीवर. त्यांतल्या फारच थोड्यांना वाचता यायचं, म्हणून पाचवीपासून वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे पांढरं म्हणजे शाळेचा ब्लाऊज, तोच घालून मी बसायचे. सुरुवातीला मी फार भरभर वाचायचे, वर्गात पहिला नंबर असल्यासारखं. सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी होती, ती मधेच हात वर करायची.

"हळू वाच वो पोरी. गाडी सुटून राहिली काय तुयी?"

सगळ्या हसायच्या. मी तोच परिच्छेद पुन्हा वाचायचे, हळू. आणि त्या शांततेत मला कडेला बसलेल्या आईच्या ओठांची हालचाल दिसायची. ती माझ्या मागोमाग शब्द म्हणत असायची. तिला वाचता येत नव्हतं, पण मी वाचलेलं तिला पाठ व्हायचं.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. तेराव्याचं वगैरे आमच्यात काही नसतं, पुण्यानुमोदन झालं, लोक आले आणि गेले. त्यानंतर गावातली, आमच्या वस्तीबाहेरची एक बाई आईला भेटायला आली. चांगल्या मनानेच आली होती, हातात साखरेची पुडी होती. जाताना म्हणाली, "आता तुमाले पांढरंच नेसा लागन, बाई."

आई चुलीपुढे होती. तिने मान वळवली नाही. "पांढरं मी पौर्णिमेले नेसतो," ती म्हणाली. "माह्या खुशीनं. रोज कायले नेसू?"

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ते लाल लुगडं नेसून. लोक बोलले असतील. तिने ऐकलं नसेल असं नाही. पण वैशाख पौर्णिमा आली तेव्हा तिने पांढरं काढलं, मांड दिला, नीळ दिली, आणि विहारात पहिल्या रांगेत बसली. बाबांच्या जाण्याचा रंग तिने त्या साडीला लागू दिला नाही. मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की आमच्या घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू ती साडी आहे आणि तिला दुःखाचा हात लावायचा नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी जिथे जाते तिथे सांगते, लोकांना आवडो न आवडो. पदवीदान समारंभ फेब्रुवारीत होता, जिनिंगचा ऐन हंगाम. आई एक दिवसाची मजुरी सोडून आली. एसटी स्टँडवर मी तिला घ्यायला गेले तर ती गाडीतून उतरली ती पांढऱ्यात. फेब्रुवारीत. मी बघतच राहिले.

"आई, आज कसं काय?"

"आजचा दिवस आपलाच हाय," ती म्हणाली आणि पदर नीट केला. "चाल, उशीर होऊन राहिला."

सभागृहात आजूबाजूला भरजरी साड्या होत्या, अत्तरं होती, मुलींच्या आया एकमेकींना नावं विचारत होत्या. आई मधल्या रांगेत पाठ ताठ करून बसली होती, विहारात बसावी तशी. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजल्या की नाही हे मला आठवत नाही. मला मंचावरून तिचं पांढरं तेवढं दिसलं.

मग पुणे, मग नोकरी, मग संजयशी लग्न, मैत्रीचा जन्म, आणि मग हे, नेदरलँड्स. नोकरी माझी, व्हिसा माझा, संजय माझ्या व्हिसावर आला. गावाकडे त्यावर बरेच विनोद झाले. एक जण आईला म्हणाला, जावई बायकोच्या मागं गेला काय. आई म्हणाली, मंग काय पुढं जायचं होतं, त्याले रस्ता माहीत नाई. हे तिने मला फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघी किती वेळ हसत होतो.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे की लोक काळं घालतात. सकाळी अंधारात स्टेशनवर काळ्या कोटांची रांग, काळ्या सायकली, काळे ओले रस्ते. डिसेंबरातल्या अभिवादनाच्या दिवशी मी पांढरा कुर्ता घातला आणि त्यावर कोट, कोटावर मफलर. ऑफिसात कोट काढला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, समरची आठवण येते का. मी हो म्हटलं. एवढं सगळं तिथं कॉफीच्या मशीनपाशी कसं सांगणार. पण आत पांढरं आहे हे मला दिवसभर माहीत होतं, आणि त्याने बरं वाटत होतं.

मग लॉकडाऊनची ती दोन वर्षं आली. मी वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे बसलेली, मैत्री तिच्या खोलीत तिच्या शाळेपुढे, आणि संजय खाली. तो ज्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करायचा ते बंद झालं होतं. रिकामा माणूस, त्याने आईला रोज व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली. स्वयंपाक करता करता फोन डब्याला टेकवून ठेवायचा. जिन्यावरून मला दोघांचे आवाज यायचे. झुणका कसा कोरडा करायचा, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यातच का, मिक्सरने काय बिघडतं. मधेच आई हसायची. तिचं हसणं जिन्यावरून वर यायचं आणि मी हेडफोन घालायचे, कारण मीटिंग असायची. मीटिंग कायम असायची. जेवायला खाली यायचे तोपर्यंत तिकडे आईची झोपायची वेळ झालेली असायची. "आईंनी विचारलं तुला," संजय म्हणायचा. मी म्हणायचे, उद्या बोलते.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलातले ते दिवस मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहेत, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत. विमानं बंद होती. दादाने, माझ्या थोरल्या भावाने, फोन उंच धरला होता. दूरवर एक गाडी, आणि नखशिखांत पांढऱ्या प्लास्टिकमधले चार जण. ते काय उचलताहेत ते मला आधी कळलं नाही, कारण तेही पांढरंच होतं, चेन लावलेलं. दादा दुसऱ्या हातात आईची साडी घेऊन उभा होता. तिला ती नेसवायची, निदान वरून पांघरायची, म्हणून तो ती पेटीतून काढून घेऊन गेला होता. उघडायची परवानगी नव्हती. जवळ जायचीही नव्हती. वाऱ्याने त्या लोकांच्या अंगावरचं प्लास्टिक फडफडत होतं, तो आवाज फोनमधून माझ्या झूटरमेरच्या स्वयंपाकघरात येत होता. बाहेर शेजारच्या अंगणात चेरीचं झाड फुललेलं होतं. तेही पांढरं.

दादा साडी तशीच घडीतली परत घेऊन आला.

पुण्यानुमोदन फोनवरच झालं. मी पांढरा कुर्ता घालून बसले, कारण बसायचं असतं. चौकोनाचौकोनांत सगळे पांढऱ्यात, दादा, वहिनी, रमाबाईंची सून, आणि एका चौकोनात मी. त्रिशरण म्हणताना सगळ्यांचे आवाज मागेपुढे येत होते, एकाचं संपलं तरी दुसऱ्याचं सुरूच. मला माझ्या चौकोनात मी बघवेना. त्या दिवसानंतर मी पांढरं घातलं नाही. त्या वर्षी डिसेंबरात गडद निळा स्वेटर घालून मी एकटीने मेणबत्ती लावली. आईने जे एवढी वर्षं जपलं होतं, पांढऱ्याला दुःख लागू द्यायचं नाही, ते मला जपता आलं नव्हतं. पांढरं म्हटलं की मला ती चेन दिसायची.

हिवाळ्यात ग्रोनिंगनला शिकायला येणाऱ्या एका मुलाबरोबर दादाने साडी पाठवली. मी पिशवी उघडली, नाक लावलं. पेटीचा पत्रा, कडुनिंबाचा पाला, आणि मांडाचा तो किंचित आंबूस वास. लगेच बंद केली. कपाट उघडायचे तेव्हा कोटांच्या मागे हात घालून फक्त घडीची कड चाचपायचे. कडक होती. मग दार लावायचे आणि कामाला जायचे.

तर आता पौर्णिमा आली होती आणि पांढरं नेसायचं होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज मोडायचे. एकदा वाटायचं, आईचाच नियम आहे, त्या दिवशी नाही नेसायची तर कधी. मग वाटायचं, ऑफिसचा शर्ट घालावा, कोण बघतंय. मग वाटायचं, जाऊच नये.

त्याच दिवसांत एकदा शेजारच्या रिया, सत्तरी ओलांडलेल्या डच बाई, कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. दोरीवर त्यांची पांढरी पँट होती. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, उन्हाळा आला म्हणायचा.

"छे, ही अजून घालायची नाही," त्या म्हणाल्या. "नुसती धुऊन ठेवतेय. पिंक्स्टरन झाल्याशिवाय पांढरं नाही."

पिंक्स्टरन म्हणजे ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणारा त्यांचा सण. मी विचारलं, त्याआधी घातलं तर काय होतं?

त्यांनी चिमटा हातात धरून जरा विचार केला. "माहीत नाही. आई तसं म्हणायची. मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही. तुमच्याकडे असतं का असं काही?"

"असतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही पाळता?"

मी खाली पडलेला एक मोजा उचलून कुंपणावरून त्यांच्या हातात दिला.  त्या मोज्यांच्या जोड्या लावत राहिल्या.

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी मी हेगच्या ऑफिसातून घरी आले तेव्हा ऊन चांगलं वर होतं, इथल्या मे महिन्यात असतं तसं, संध्याकाळ आहे असं न सांगणारं. कोट ठेवायला वर गेले. पलंगावर आईची साडी होती. घडी केलेली, काठ आत. मला वाटलं संजयने नुसती काढून ठेवली. मी ती उचलली. ती गार होती, आणि तिला लॅव्हेंडरचा वास येत होता, आम्ही सुपरमार्केटमधून आणतो त्या साबणाचा.

मी जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारलं, "ही धुतली?"

"हो," तो स्वयंपाकघरातून म्हणाला. "घडीवर पिवळी पडायला लागली होती. मशीनमध्ये नाही टाकली, काळजी करू नकोस. हाताने धुतली. मांड दिला. नीळ कुठे मिळेना, शेवटी हेगमधल्या त्या सुरिनामी दुकानात मिळाली. त्यांची माणसं पण वापरतात म्हणे."

त्याच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"आईंनी." तो हात पुसत जिन्याखाली आला. "पौर्णिमेच्या आधी पांढरं धुवायचंच. पेटीतलं तसंच नाही नेसायचं, शिळं असतं ते. असं म्हणाल्या होत्या."

शिळं. हा शब्द आईचाच होता. मला तो माहीत होता. एवढे दिवस ठरवताना आणि मोडताना तो एकदाही आठवला नव्हता, किंवा मी तो आठवू दिला नव्हता.

मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. मैत्री तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता आत गेली.  संजय शेगडी बंद करून वर आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"सांगायचंस तरी," तो म्हणाला. "सांगितलं असतंस तर मी हात लावला नसता."

खरं होतं. मी साडी मांडीवर घेतली. घडी हुबेहूब होती. कुठेही एक बोट इकडेतिकडे नाही.

"एकट्याने घडी कशी केलीस?"

"दाराच्या कडीला एक टोक बांधलं आणि ओढली. त्या तशाच करायच्या. दादा तेव्हा बाहेरगावी कामाला, तू पुण्याला, घरात दुसरं टोक धरायला कोण होतं? दाखवलं होतं त्यांनी मला फोनवर."

मला हे माहीत नव्हतं. कडीला बांधलेली साडी आणि ती एकटी ओढणारी आई, हे मी कधी मनातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी आपली माझ्या हातातल्या टोकाच्या आठवणीवर जगत होते.

"तू वर असायचीस," संजय म्हणाला. "तक्रार म्हणून नाही सांगत. पण मी रोज बोलायचो त्यांच्याशी, आणि मग एक दिवस बोलणंच संपलं. मला काहीच करता आलं नाही त्यांचं. तू लेक, दादा मुलगा. मी कोण? म्हटलं, एवढी साडी तरी आपण करावी." तो टॉवेलने हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

बाहेर कुणाची तरी मुलं सायकलच्या घंटा वाजवत गेली. मी विचारलं, "अजून काय बोलायची ती तुझ्याशी?"

"खूप."

"सांग."

त्याने सांगितलं. ती विचारायची, तिकडे एवढी थंडी आहे तर फ्रीज कशाला लागतो. विचारायची, माझी पोरगी त्या मीटिंगमध्ये लोकांवर ओरडते की लोक तिच्यावर ओरडतात. तो म्हणाला होता, तीच ओरडते. त्यावर ती खूश झाली होती. एकदा तिने त्याला रमाबाईंच्या ढगाची गोष्ट सांगितली आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग त्याने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"एकदा म्हणाल्या, तिकडं थंडीत पांढरं चालते काय? मी म्हटलं, चालतं की, वरून कोट घालायचा. तर म्हणाल्या, मंग दिसन कसं?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"हीच साडी दाखवली होती त्यांनी. त्याच आठवड्यात धुऊन ठेवली होती. म्हणाल्या, इमानं सुरू झाले का हेच नेसून येतो. पोरीच्या गावात पांढऱ्यातच उतरतो. तुला सांगायचं नव्हतं. तुला विमानतळावर दिसायचं होतं त्यांना एकदम."

ऊन खिडकीतून सरकत पलंगावर आलं होतं. साडी त्यात इतकी पांढरी दिसत होती की बघवत नव्हतं, तरी मी बघत राहिले.  खाली भात गार झाला.

रविवारी सकाळी मी घडी उलगडली. मांडाने चिकटलेले पदर एकमेकांपासून सुटताना बारीक फाटल्यासारखा आवाज आला. आई माझ्यापेक्षा उंचीने कमी होती, पण साडीला त्याने काय फरक पडतो. संजयने खाली बसून निऱ्या धरल्या. मैत्री तिच्या पांढऱ्या टी-शर्टमध्ये दाराशी येऊन म्हणाली, "ममा, यू लुक लाइक आजी," आणि मग आपण काही चुकीचं बोललो का म्हणून बापाकडे बघू लागली. मी तिला जवळ घेतलं. रडले, आणि त्या पांढऱ्यातच रडले. त्याला इलाज नव्हता.

बाहेर इथला नेहमीचा वारा होता. झाडं एका बाजूला कललेली, आभाळ भरून आलेलं, दहाच अंश असतील. संजय माझा काळा कोट घेऊन दारात उभा राहिला.

"घाल," तो म्हणाला. "गारठशील."

मी त्याच्या हातातला कोट तसाच राहू दिला आणि रस्त्यावर उतरले.